दगडाचा पहिला घास

"रवाळ दळलंय मेल्यानं. याला पीठ म्हणायचं की वाळू?"

मागच्या बाईचं हे पुटपुटणं थोरलीच्या थेट मानेवर आलं, इतकी दाटी होती रांगेत. बाईने चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं असणार. तो चरचर आवाज थोरलीने न वळताच ओळखला. दगडाची टाकी, म्हणजे त्यावर छिन्नीने पाडलेले चर, झिजली की पीठ असंच येतं, चिडल्यासारखं.

"वरची गिरणी चालू होती तेव्हा नाक मुरडायचीस," दुसरी म्हणाली. "तेव्हा म्हणे फार बारीक दळतात, हाताला चिकटतं."

"चिकटायचं तर चिकटायचं. पीठ तरी होतं. आता काय, वरच्या गिरणीला..."

पुढचं वाक्य कोणीतरी कोपराने दाबलं. मग रांगेत फक्त गिरणीच्या पट्ट्याची फटफट राहिली. थोरलीने डोक्यावरचा डबा उगाच सारखा केला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

वरची गिरणी तिची होती. सासऱ्यांनी जाण्याआधी ती थोरल्या सुनेच्या, म्हणजे तिच्याच नावावर करून ठेवली होती. "दोन पोरांच्या नावे केली तर पट्टा मधोमध कापून घेतील," असं ते म्हणायचे. आता त्या गिरणीच्या दाराला लाखेचं सील होतं, आणि कडीवर सरकारी कागद चिकटवलेला. न्हावीसुद्धा दुसऱ्या न्हाव्यापुढे मान वाकवतो, त्याला इलाज नाही. पण गिरणीवालीने दुसऱ्याच्या गिरणीत डबा लावायचा म्हणजे काय, हे ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे डबे रांगेने लावले त्यालाच कळावं.

खालच्या गिरणीच्या मालकाने तिला पाहिलं आणि हाताने खूण केली. "वहिनी, तुम्ही पुढे या. तुम्हाला कसली रांग?"

"असू द्या. उभी आहे मी."

"या हो. लाजवू नका."

ती पुढे गेली. रांगेतून पुढे जाताना प्रत्येक बाई जरा जास्तच बाजूला झाली, तान्ह्या बाळाला वाट द्यावी किंवा प्रेताला द्यावी तशी. त्याने तिचं दळण खोक्यात ओतलं, आणि पीठ पडायला लागलं तसं तिच्याकडे न बघता म्हणाला, "एक विचारू? दगडाला टाकी लावून द्याल का? लोक बोलायला लागलेत. आधी पिठ्याच येऊन लावून..." इथे त्याची जीभ अडली. त्याने पट्ट्यावर उगाच हात फिरवला.

"दुपारी येते," थोरली म्हणाली. "दगड उचलून ठेवा."

---

पिठ्या म्हणजे तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा त्याला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. नाडी बांधायला, पोत्याची गाठ सोडायला आणि खोटं बोलताना दुसऱ्याच्या डोळ्यांत बघायला त्याला तिनेच शिकवलं, असं तो सगळ्यांना सांगायचा. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. तिला मूल झालं नाही. त्याबद्दल घरात कोणी काही बोललं नाही, कारण पिठ्या होता. पापण्यांवर पीठ घेऊन तो घरभर फिरायचा, आणि जिथे बसेल तिथे पांढरा ठसा उमटवून उठायचा.

दुपारी ती खालच्या गिरणीत गेली तेव्हा वरचा दगड उलटा करून पोत्यावर टेकवलेला होता. ती मांडी घालून बसली. एका हातात टाकीची छिन्नी, दुसऱ्यात हातोडी. दगडावरचे चर बोटांनी चाचपले. मधून कडेकडे जाणारे, किंचित वळलेले. वळण पाहून तिचा हात थांबला. पिठ्याची टाकी डावीकडे ओढायची. सासरे त्यावरून त्याला शिव्या घालायचे. हा दगड झिजला होता, पण ओढ तशीच होती.

तिने घाव घालायला सुरुवात केली. ठक्, ठक्, ठक्. दगडाची बारीक भुकटी नाकात गेली, पापण्यांवर बसली. पाठ भरून आली, मनगटात कळ चढली. ती त्याच्या वळणाच्याच चरांतून पुढे जात राहिली. सरळ नवे काढता आले असते. काढले नाहीत.

चरांच्या तळाशी जुनं पीठ घट्ट बसलेलं होतं. छिन्नीच्या टोकाने ते खरवडून निघत होतं. गिरणीवर धाड पडली त्या दिवशी साहेबलोकांनीही असंच खरवडलं होतं. एकाने खिशातून चाकू काढला, तिच्या गिरणीतल्या भरड्याच्या दगडाचे चर खरवडले आणि ती चिमूट पुडीत बांधली. गुरांचा भरडा दळायचा तो दगड. भरड्याचं काम पिठ्याचं. पोती जड असतात, पहाटे उठावं लागतं. "वहिनी, तू झोप गं. गुरांचं मी बघतो. तू माणसांचं बघ." असं तो म्हणायचा, आणि ती झोपायची. त्या पुडीत जे निघालं ते गुरांचं नव्हतं. गुंगीची, अफूची बोंडं वाळवून त्यांचा चुरा केलेला होता. चुऱ्याची पोती भरड्याच्या पोत्यांखाली सापडली.

"झालं का हो?" खालचा गिरणीवाला दारातून म्हणाला. "चहा ठेवलाय."

"चहा नको. दगड चढवायला माणूस बोलवा. आणि चढवल्यावर पहिलं दळण लोकांचं टाकू नका. पसाभर तुमचे दाणे टाका. दगडाची भुकटी निघून जाऊ दे."

"ते माहिताय. आणि ते पीठ कोंबड्यांना, नाही का? पहिला घास. तुमच्या सासऱ्यांचीच पद्धत ती."

थोरलीने पदराने तोंड पुसलं. "फेकून द्या," ती म्हणाली. "कोंबड्यांना नको."

---

घरी कोंबड्या गिरणीच्या बंद दारासमोर उभ्या होत्या.

रोज सकाळी त्या तिथे जमायच्या आणि ऊन तापेपर्यंत हलायच्या नाहीत. कुठे उकरणं नाही, भांडणं नाही. सगळ्या माना एकाच दिशेला, लाखेच्या सीलकडे. आज दुपार कलली तरी दोघीतिघी होत्या. कोणी त्यांना हुसकत नव्हतं. त्यांची अंडी टोपलीत साठत होती. घरात ती कोणी खात नव्हतं, कोणी विकतही नव्हतं. अधूनमधून एखादं फुटून वास सुटला की थोरली टोपली गुपचूप मागे नेऊन रिकामी करायची.

घरातलं बोलणं खाली आलं होतं. गिरणीच्या शेजारी राहणारी माणसं ओरडूनच बोलतात. यांच्याकडे मीठ मागितलं तरी भांडण चालल्यासारखं वाटायचं. नवऱ्याला तर अर्धं ऐकूच येत नव्हतं, पट्ट्याने त्याचे कान केव्हाच खाल्ले होते. गिरणी बंद झाल्यापासून मात्र तिघंही कुजबुजायला लागली. त्यामुळे नवऱ्याला काहीच ऐकू येईना. पण तो "काय?" असं विचारत नव्हता.

सासू भिंतीला पाठ लावून धान्य निवडत होती. तिची खोली आणि गिरणी यांच्यामध्ये ती एकच भिंत. थोरली आत आली तशी सासूचा हात सुपात थांबला.

"सुरू झाली," ती म्हणाली.

"काय आई?"

"गिरणी. ऐक."

थोरलीने श्वास धरला. भिंतीतून काहीच येत नव्हतं. आणि तरीही पायाच्या तळव्यांना ती नेहमीची बारीक थरथर जाणवली, जी इतक्या वर्षांत कधी जाणवली नव्हती, कारण कधी थांबलीच नव्हती.

"पाणी सोडलं असेल कालव्याला," थोरली म्हणाली. "त्याचा आवाज."

सासूने तिच्याकडे पाहिलं. सुनेने कालव्याचं नाव घेतलं होतं. मग दोघींनी मिळून धान्य निवडलं, आणि खड्यांपेक्षा दाणेच जास्त बाहेर टाकले.

गिरणीच्या खिडकीची एक फळी तडकलेली होती. सगळे तिकडून जाताना मान वळवायचे नाहीत. थोरली एकदाच बघायला गेली. आत बटणाच्या पाटीवर पिठाने भरलेल्या चार बोटांचा ठसा तसाच होता. खुंटीवर त्याचा पंचा. केरसुणी कोपऱ्यात उभी, नीट. त्या दिवशी जीप आली तेव्हा तो झाडत होता. त्याने जीपकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं. मग केरसुणी भिंतीला लावली, पडली तर पुन्हा उचलून लावली, आणि मागच्या दाराने निघाला. त्याला पोहता येत होतं. लहान असताना तो शिकला तेव्हा त्याचे कपडे मांडीवर घेऊन काठावर तीच बसलेली होती. पण त्या दिवशी कालव्याला पाणी सोडलेलं होतं, भरून. दुसऱ्या दिवशी तो खालच्या लोखंडी जाळीला लागला. पापण्यांवरचं पीठ मात्र तेवढं निघून गेलं होतं, आणि सासू सगळ्यांना सांगत राहिली, हा माझा नाही, हा काळा आहे, माझा पांढरा होता.

---

वकीलबाई स्कूटरवरून आल्या. हेल्मेट काढलं तर केस पाठीमागे उभे राहिलेले. त्यांनी ते तसेच राहू दिले आणि उंबऱ्यावरच बसल्या. शेंगदाण्याची पुडी त्यांनी स्वतः आणली होती. त्यातले चार दाणे थोरलीच्या हातावर ठेवले, जणू पाहुणी थोरलीच होती.

"सरळ सांगते," त्या म्हणाल्या. "गिरणी सरकारजमा का करू नये, असं साहेबांच्या कचेरीने विचारलंय. सरकारजमा म्हणजे गेली. दगड, मोटर, जागा, सगळं. गुन्हा तुमच्यावर नाही, गिरणीवर आहे असं समजा."

"गिरणीवर?" नवरा म्हणाला. हा शब्द त्याला ऐकू गेला.

"हो. वस्तू गुन्ह्यात वापरली गेली की वस्तू जाते. पण मालक निर्दोष असेल तर ती सोडवता येते. तीन गोष्टी दाखवायच्या." त्यांनी बोटं वर केली नाहीत, दाणेच उंबऱ्यावर एकेक ठेवले. "एक, तुम्हाला माहीत नव्हतं. दोन, तुम्ही सामील नव्हता. तीन, कोणताही शहाणा मालक जेवढी काळजी घेईल तेवढी तुम्ही घेतली होती. कुलूप होतं, किल्ली तुमच्याकडे होती, हिशोब तुम्ही बघत होता. दुसरं सोपं आहे. तिसरंही होईल. सगळं पहिल्यावर आहे. आणि हे सिद्ध तुम्ही करायचं, त्यांनी नाही."

"नसलेलं कसं दाखवायचं हो?" थोरलीने विचारलं. "माहीत असलेलं दाखवता येतं."

वकीलबाई हसल्या. "म्हणून तर वकील लागतो. नुसतं माहीत नव्हतं म्हणून भागत नाही. संशय यावा असं काही घडलंच नव्हतं, हेही म्हणावं लागतं. डोळ्यांसमोर धूर असताना आग माहीत नव्हती म्हणणाऱ्याला ते हाकलून देतात. तर आठवा. काही वेगळं दिसलं होतं? वास? माणसं? काही?"

नवऱ्याने जमिनीकडे पाहिलं. सासूने सूप हलवलं. थोरलीच्या हातातले चार दाणे घामाने ओले झाले.

"नाही," ती म्हणाली.

"छान." वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि जागा बघायला म्हणून उठल्या. ओसरीवरून चार पावलं टाकली आणि थबकल्या. "या का अशा उभ्या आहेत?"

सील लावलेल्या दारासमोर कोंबड्या. माना दाराकडे.

 वारा आला, कागदाचं एक टोक उचललं गेलं, एका कोंबडीने मान वाकडी करून त्याकडे पाहिलं आणि पुन्हा सरळ केली.

"सवय असते," नवरा शेवटी म्हणाला. "मुकी जनावरं."

वकीलबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे, मग सासूकडे. हुशार बाई होती. त्यांनी पेनाला टोपण घातलं. "मी काही विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हीही काही सांगितलं नाही."

जाताना त्यांनी आणखी एक सांगितलं. साहेब आईची साक्ष घेतील. भिंत त्यांच्या खोलीला लागून, मुलगा त्यांचा. "आजी, तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं. धाकटा घरच्यांच्या नकळत करत होता, आम्हाला कोणाला काही ठाऊक नव्हतं."

"नकळत म्हणजे चोरून," सासू म्हणाली.

"म्हणजे तसंच, पण..."

"माझा पोरगा चोर होता म्हणू?"

"आजी, गेलेल्या माणसाला आता काही होत नाही. राहिलेल्यांचं बघायचं."

सासूने सुपातला एक खडा उचलला, नखावर घेऊन पाहिला. "तुम्हाला मूलबाळ?" तिने विचारलं.

"एक मुलगी आहे."

"जपा," सासू म्हणाली, आणि पुन्हा निवडायला लागली.

---

कोंबड्यांचं असं झालं होतं.

गिरणी सुरू करताना दगडाचा पहिला घास कोंबड्यांचा, हे सासऱ्यांचं चालत आलेलं. दगड रात्रभर गप्प असतो, त्याच्या पोटात काय काय बसलेलं असतं. पसाभर दाणे टाकून तो आधी साफ करायचा, ते पीठ अंगणात टाकायचं, मग माणसांचं दळण. थोरली हे लग्न झाल्यापासून करत आली होती, दोन्ही दगडांचं. पहाटे पिठ्याचा भरडा उरकायचा, मग ती येऊन दोन्ही दगडांचा पहिला घास काढायची.

एका सकाळी कोंबड्या पेंगायला लागल्या. पीठ टिपलं, दहा पावलं गेल्या आणि बसल्या. डोळ्यांवर पांढरी झापडं. एक तर चालता चालता भिंतीला टेकली आणि तशीच राहिली. कोंबड्याने आरवायला मान वर केली, अर्धं आरवला आणि उरलेलं विसरून गेला.

"वहिनी, बघ बघ," पिठ्या म्हणाला होता. "याला पुढचं आठवेना."

"तुझ्यावर गेलाय," नवरा गिरणीच्या आवाजावर ओरडला. "शाळेत तूही असाच उभा राहायचास."

सासू हसून हसून खोकली. "अगं, संसाराला कंटाळल्यात त्या. मीही उद्यापासून अशीच बसते बघ भिंतीला टेकून." आणि तिने डोळे मिटून, तोंड उघडं टाकून कोंबडीची नक्कल केली. थोरलीला हसू आवरेना. चौघं अंगणात हसत उभी होती, आणि सगळ्यांच्या पापण्यांवर पीठ होतं.

नंतर रोज. रोज एक नवा विनोद. मग एक दिवस थोरली आली तर पिठ्या म्हणाला, "पहिला घास मी काढला, वहिनी. तू थेट दळण टाक." दुसऱ्या दिवशीही त्यानेच. तिसऱ्या दिवशीही. कोंबड्या जाग्या झाल्या. विनोद संपले.

ती त्या सुमारास धुणं घेऊन मागे गेली होती. कालव्याच्या कडेला पाण्यावर पांढरी साय धरलेली दिसली. पिठाची. पाण्याबरोबर ती हळूहळू ओढली जात होती, फाटत होती. ज्याला घरात एक दाणा सांडलेला खपत नाही, त्याने पसाभर पीठ पाण्यात का टाकावं? ती धुण्याची टोपली कमरेवर घेऊन उभी राहिली. मग धुणं तसंच कोरडं घेऊन परत आली. त्या आठवड्यात गिरणीला नवा पट्टा आला. तिने पट्ट्यावरून हात फिरवला, चांगला आहे म्हणाली. कुठून आणलास म्हणाली नाही.

जीप आली त्या दिवशी तो त्याच जागेवरून पाण्यात उतरला.

जेवताना कधीतरी नवऱ्याचं तोंड उघडायचं. थोरलीला कळायचं, आता म्हणणार. ती लगेच पाणी वाढायची. कधी तिचं उघडायचं, तर सासू "मीठ कमी पडलंय" म्हणायची. तिघं एकमेकांना असं बोलण्यावरून उठवत होती. मध्ये चौथं ताट नसलं तरी त्याची जागा कोणी भरली नव्हती. तिथे जमिनीवर अजून पुसट पांढरा गोल होता, आणि सारवताना थोरली त्याच्या कडेकडेने हात फिरवायची.

---

साक्षीच्या दिवशी ते कचेरीच्या ओसरीत बाकावर बसले. बाक इतका अरुंद की बसलं तर पाय भरून येत होते आणि उठलं तर जागा जात होती. सासूने सगळ्यात नवं लुगडं नेसलं होतं. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती. नवऱ्याने तिला वाटेत पढवायचा प्रयत्न केला, "आई, नकळत, एवढंच म्हण, नकळत." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. वकीलबाई दोनदा येऊन तिच्यापुढे वाकून गेल्या. सगळ्यांना भीती तिचीच होती. ही म्हातारी आत जाऊन काय बोलेल कोण जाणे.

शिपायाने नाव पुकारलं तेव्हा नवऱ्याला ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा शिपाई चिडला. "कानात बोळे घातलेत का?"

"गिरणीवाले आहेत," थोरली म्हणाली, आणि तिचा जुना आवाज निघाला, पट्ट्यावरून पलीकडे जाणारा. ओसरीतली माणसं वळून बघायला लागली. ती ओशाळली.

खोलीत साहेबांना सर्दी झाली होती. टेबलावर रुमाल, समोर फाइल, डोक्यावर पंखा, तो तीन फेऱ्यांनी एकदा किरकिरत होता. नवऱ्याचं आधी घेतलं. कुलूप, किल्ली, वेळ, हिशोब. त्याने पढवल्याप्रमाणे सांगितलं. मग सासूला पुढे बोलावलं. साहेब चांगले होते, त्यांनी तिला खुर्ची द्यायला लावली.

"आजी, धाकटा मुलगा गिरणीत काय करत होता, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

थोरलीने बाहेर पाहिलं. वकीलबाईंचं पेन थांबलं.

"माझा धाकटा चोर होता," सासू म्हणाली.

आवाज अगदी सरळ होता. दुकानात भाव सांगावा तसा.

"घरात कोणाला कळू न देता करायचा. पहाटे उठायचा, आम्ही झोपलेलो. भिंतीतून आवाज यायचा तर मला वाटायचं, भरडा दळतोय. आम्हाला कोणाला काही माहीत नव्हतं. माझ्या सुनेला तर काहीच नाही. तिने त्याला पोटच्यासारखा वाढवला, आणि त्याने तिलाच फसवलं."

वकीलबाईंनी श्वास सोडला. साहेबांनी लिहून घेतलं. सगळं झालं होतं. पण सासू खुर्चीतून उठली नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती बसून राहिली. कोणी विचारलं नव्हतं, कोणी पढवलंही नव्हतं, ते तिने पुढे जोडलं.

"बुडाला ते बरं झालं."

पंखा किरकिरला. नवऱ्याला ऐकू गेलं नसावं असं थोरलीला वाटलं, पण त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले होते. सासू परत येऊन थोरलीच्या शेजारी उभी राहिली. तिच्या अंगाला पिठाचा वास येत होता, इतक्या दिवसांनीही. तिची मान बारीक हलत होती, आणि डोळे कुठेतरी दाराकडे लागलेले, सीलकडे लागलेल्या कोंबड्यांच्या माना असतात तसे. ही बाई आता घरी जाईल. गिरणी उघडेल. भिंतीतून आवाज येईल, आणि प्रत्येक आवाजाबरोबर हे वाक्य तिला ऐकू येईल, जोवर ती आहे तोवर. गिरणीच्या बदल्यात दिलेलं.

"आता मालकीणबाई," साहेब रुमालात शिंकरून म्हणाले. "एकच विचारतो, मग संपलं. तुमच्या नजरेला कधी काही वेगळं आलं होतं? संशय यावा असं? नाही ना?"

त्यांनी 'नाही' हा शब्द जवळजवळ लिहायलाच घेतला होता. वकीलबाई तिच्याकडे बघून मान हलवत होत्या, हळू, आडवी.

थोरलीने सासूचा हात धरला. तो थंड होता, आणि बोटांच्या सुरकुत्यांत पांढरं होतं. तिने घसा साफ केला. आवाज बारीक काढायचं तिच्या मनात होतं, पण निघाला तो गिरणीचा आवाज, ओसरीपर्यंत जाणारा, नवऱ्यालाही ऐकू येणारा.

"आलं होतं, साहेब. आमच्या कोंबड्या पेंगायच्या. त्याच्या दगडाचा पहिला घास खाल्ला की पेंगायच्या. आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं, आणि आम्ही चौघं हसायचो."